चाक फिरतं, गाडी चढत नाही

केरी मागे पडली आणि घाटाचं पहिलं वळण आलं की आमची आई बोलायची थांबते. डिचोलीपासून साखळीपर्यंत तिची टकळी अखंड चालू असते. यंदा कुणाच्या माटोळीला किती फळं होती इथपासून बाजारात बांगड्याचा दर काय झाला इथपर्यंत. पण अंजुणे धरणाचं पाणी खाली दिसू लागलं की एकदम गप्प. डोळे मिटत नाही, देवाचं नावही घेत नाही. नुसती समोरच्या काचेतून रस्ता बघत बसते. ही सवय तिला 2009 च्या जुलैपासून लागली आणि ती माझ्यामुळे लागली.

माझी थोरली बहीण मच्छ्याला दिलेली. मच्छे म्हणजे बेळगावच्या दक्षिणेला खानापूर रस्त्यावरचं गाव. चोर्ल्याने गेलं तर कणकुंबी, जांबोटी करत पिरनवाडीला खानापूर रस्ता गाठायचा आणि उजवीकडे वळायचं, की मच्छे आलंच. एका बाजूला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला शेतं. भावोजी तिथल्याच एका फाउंड्रीत कामाला होते. बेळगावची ओळख आपल्याला कुंद्यामुळे आणि भाजीमुळे, पण उद्यमबाग आणि मच्छे इथली ओतकामाची भट्टी ज्याने पाहिली नाही त्याला अर्धंच बेळगाव माहीत, असं भावोजींचं म्हणणं.

तर त्या जुलैत ताईला दुसरा मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं, सकाळी अकराचा मुहूर्त. आईचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. बसची पायरी चढणं तिला जमत नसे आणि घाटात बस लागायचीही. मी नुकतीच एक जुनी मारुती 800 घेतली होती. परवाना मिळून सहाच महिने झालेले. आई म्हणाली, गाडी आहे तर बसने कशाला? मलाही तेच हवं होतं. गाडी घेतल्यावर माणसाला ती दाखवायला एखादं दूरचं नातेवाईक लागतंच.

पहाटे निघालो. मागच्या सीटवर आई आणि मावशी. डिकीत नारळांचं पोतं, सोलं, फणसाच्या पापडांचा डबा, बाळंतिणीसाठी केलेलं खोबरेल आणि आईने जुन्या मऊ लुगड्यांचं शिवलेलं दुपटं. पुढची सीट रिकामी. तिच्यावर माझी छत्री आणि एक केळ्यांचा घड.

पाऊस जुलैमध्ये पडतो तसा पडत होता. घाट निम्मा चढून झाला असेल. एका डाव्या वळणावर मी पोचलो आणि वरून एक जीप भरधाव खाली आली. रस्त्याच्या मधोमध. खरं म्हणजे डोंगरी रस्त्यावर दोन गाड्या मावत नसतील तर खाली येणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, असा आपल्याकडे नियमच आहे. 1989 च्या रस्ता-नियमांतही तो होता, आजही आहे. पण नियम कागदावर कसा सुखाने नांदतो हे माझ्यासारख्या कारकुनाला कुणी सांगायला नको. मी डावीकडे दाबून ब्रेक मारला. जीप निघून गेली. मी वळणाच्या आतल्या कडेला, गटाराला लागून उभा. मागे एक मालट्रक येऊन थांबला.

पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, पाय दाबला. इंजिन ओरडलं, गाडी हलली नाही. जास्त दाबला. पुढून एक चिरका आवाज येऊ लागला आणि जळक्या रबराचा वास. गाडीचं नाक डावीकडे गटाराच्या दिशेने सरकू लागलं. मी घाबरून आणखी दाबला. मग गाडी मागे जायला लागली. ब्रेक दाबला तरी हात-दोन हात तशीच घसरत गेली. आरशात ट्रकचा बंपर मोठा होताना दिसला. मावशीने "देवा सायबा" म्हणून हंबरडा फोडला. आई काही बोलली नाही. तिने फक्त एका हाताने मावशीचं मनगट धरलं होतं, हे मी आरशात पाहिलं. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

गाडी थांबली कशी म्हणाल, तर नशिबाने. मागची चाकं चिखलातून मागे येऊन जरा खडबडीत डांबरावर टेकली. तोवर ट्रकचा क्लीनर, असेल अठरा-एकोणीस वर्षांचा, भिजत खाली उतरला होता. त्याने कुठून तरी एक धोंडा आणून मागच्या चाकामागे सारला आणि खिडकीशी येऊन ओरडला, "साहेब, रेस सोडा! रेस सोडा की! चाक जागेवर फिरतंय नुसतं!"

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याने आणि ट्रक ड्रायव्हरने बाजूला उभं राहून पुढच्या चाकांखालचा चिखल पायाने ओढला, एक रिकामं गोणपाट टाकलं आणि मला सांगितलं, हळू, अगदी हळू. गाडी पोत्यावरून वर आली. वर जरा रुंद जागा होती तिथे मी गाडी घेतली, त्यांना हात केला आणि थांबलो. हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. तिथून वरचा चढ फार नव्हता. पाऊण तासात कणकुंबी आली असती. बारशाला उशीर झाला असता, पण पोचलो असतो.

मी गाडी वळवली आणि परत खाली आणली.

आई त्यावरही काही बोलली नाही. साखळीला येऊन ताईला फोन केला, गाडी बिघडली म्हणून सांगितलं. आई शेजारी उभी होती. तिने मला खोटं बोलताना ऐकलं आणि मान दुसरीकडे वळवली. दुपटं घरी परत आलं, कपाटात गेलं. नातवाचं नाव काय ठेवलं ते आम्हाला दुपारी फोनवर कळलं.

पुढच्या रविवारी भावोजी बेळगाव-पणजी बसने येऊन साखळीला उतरले आणि आमच्या दारात हजर झाले. कशाला आले ते आधी कुणाला कळेना. चहा झाल्यावर बाहेर गेले, गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या टायरवरून अंगठा फिरवला आणि मला हाक मारली.

"गाडी कुठं बिघडलीय रे? टायर गोटा झालाय की तुझा."

सेकंडहँड गाडी घेताना मी रंग बघितला, सीटकव्हर बघितलं, टेप वाजतो का ते बघितलं. टायर बघितले नव्हते. टायर काळे असतात आणि गोल असतात, एवढंच मला ठाऊक. त्यावरच्या नक्षीला काही काम असतं हे तेव्हा कळलं. ओल्या रस्त्यावर त्या खाचांतून पाणी आणि पातळ चिखल बाजूला निघून जातो आणि रबर डांबराला टेकतं. खाचा झिजल्या की पाण्याला जायला वाट नाही, रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा राहतो. मोटारीच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये असा कायदा आहे. खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे त्यासाठीच दिलेले असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की बदलायचा. माझ्या पुढच्या दोन्ही टायरांवर ते उंचवटे शोधावे लागत नव्हते, कारण सगळा टायरच त्यांच्या बरोबरीला आला होता.

दुसऱ्या दिवशी सोमवारी मी रजा टाकली, दोन नवे टायर पुढे बसवले आणि भावोजींनी आईला आणि मला घेऊन घाट चढवला. त्या वळणावर त्यांनी गाडी हळू केली, मला बघू दिलं आणि न थांबता वर नेली. आई गप्प होती. मच्छ्याला पोचल्यावर तिने दुपटं काढून पाळण्यात घातलं आणि मग बोलायला लागली.

त्या दोन दिवसांत मी जे शिकलो ते विज्ञान घेतलेल्या मुलांना अकरावीत शिकवतात म्हणे. मी कला शाखेचा. मराठी घेऊन बी. ए. झालो. घर्षण हा शब्द मला समीक्षेतून माहीत. गंमत म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ ह्याच मच्छ्यात आहे. तिथून दगड टाकला तर पडेल इतक्या अंतरावर मी फाउंड्रीतल्या माणसाकडून भौतिकशास्त्राचा पहिला धडा घेतला.

भावोजींनी मला ताईच्या हिशेबाच्या वहीत गणित मांडून दाखवलं. गाडी रिकामी साडेसहाशे किलोच्या आसपास. तीन माणसं आणि नारळ-बिरळ धरून झाली नऊशे. वळणाच्या आतल्या कडेला चढ धर 10 ला 1. म्हणजे गाडीच्या वजनाचा दहावा भाग, 90 किलो, तिला सतत मागे ओढतोय. ही गाडी पुढच्या चाकांवर चालते. म्हणजे ओढायचं काम फक्त पुढच्या दोन चाकांचं. त्यांच्यावर वजन किती? सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीत इंजिनमुळे पुढे वजन जास्त असतं. पण चढावर वजन मागे सरतं, त्यात तू दोघींना मागे बसवलंस आणि पोतं डिकीत घातलंस. तेव्हा पुढे राहिलं धर 400 किलो. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड वजनाच्या सत्तर टक्के तरी मिळते, म्हणजे 280. ओढ 90, पकड 280. आरामात चढते. ओल्या डांबरावर पकड चाळीस-पन्नास टक्क्यांवर येते, धर 160. तरी चढते. खरं शेवाळलेल्या नाहीतर मातीने बरबटलेल्या डांबरावर ती वीस टक्क्यांवर आली की झाली 80. ओढ 90, पकड 80.

"आता तू इंजिन विमानाचं बसव," भावोजी म्हणाले, "ह्या दहा किलोंचा काय उपयोग आहे काय बघ."

(बेळगावकडे 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात. पहिल्या भेटीत मला वाटलं होतं, हा माणूस प्रत्येक वाक्याला शपथ का घेतोय.)

आकडे ढोबळ आहेत, पण माझ्या डोक्यात त्यांनी लख्ख उजेड पाडला. मी समजत होतो की गाडी इंजिन चढवतं. इंजिन फक्त चाक फिरवतं. गाडी चढते ती टायरचा तळहाताएवढा तुकडा रस्त्याला धरून राहतो म्हणून. तो तुकडा सुटला की पाय जितका दाबाल तितकं चाक जोरात फिरतं, आणि फिरणाऱ्या चाकाची पकड टेकलेल्या चाकापेक्षा कमी असते. शिवाय ते चाक खालचा चिखल घोटून आणखी गुळगुळीत करतं. म्हणून तो पोरगा ओरडत होता, रेस सोडा. आणि मी, पाय रोवून, त्याच्या उलट करत होतो.

आणखी एक. माझं डावं चाक चिखलात वेड्यासारखं फिरत होतं आणि उजवं, बऱ्या डांबरावरचं, जागेवर उभं होतं. हे क्लीनरने सांगितलं तेव्हा मला पटलं नव्हतं. एकाच इंजिनाची दोन चाकं, एक फिरतं, दुसरं नाही, असं कसं? भावोजी म्हणाले, वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल मध्ये असतो. त्याचा दोष हा की ज्या चाकाला फिरणं सोपं, ते फिरत राहतं. चांगल्या जागी असलेल्या चाकापर्यंत जोर पोचतच नाही. मला आमच्या ऑफिसातली एक-दोन उदाहरणं आठवली, पण ते असो.

भावोजींच्या घराला रस्त्यापासून वर जाणारी एक मातीची उतरण होती. असेल पंधरा-वीस पावलांची, पण चांगली उभी. पावसात लाल माती लोण्यासारखी होई. सोमवारी संध्याकाळी आणि मंगळवारी सकाळी त्यांनी मला त्या उतरणीवर घातलं. शेजारची पोरं बघायला जमली. गोव्याचा मामा गाडी शिकतोय!

आधी खालून नुसतं बघायचं. कुठे पाणी वाहतंय, कुठे खडी दिसतेय, चाक कुठून न्यायचं ते ठरवायचं. वरचा रस्ता मोकळा आहे याची खात्री झाल्याशिवाय सुरुवातच करायची नाही, कारण मध्ये थांबलास की निम्मी लढाई हरलास. सपाटीवरच गिअर ठरवायचा आणि मग पाय एका मापात ठेवायचा. पहिल्या गिअरमध्ये चाकाला जोर जास्त मिळतो, म्हणून निसरड्यावर ते लवकर सुटतं. जमेल तिथे दुसरा. चाक सुटलंय असा आवाज आला की पाय वर. स्टिअरिंग सरळ. तरी नाही चढली तर जिद्द करायची नाही. मागे कुणी नाही बघून, ब्रेकवर, हळूहळू खाली चांगल्या जागेपर्यंत यायचं आणि पुन्हा सुरू करायचं. मागे माणूस उभा करायचा नाही, ढकलायलाही नाही. ढकलणारे बाजूने.

मी सात वेळा अडकलो. आठव्या वेळी भावोजींनी मला उतरवलं, गाडी खाली नेली, उलटी फिरवली आणि रिव्हर्समध्ये सरळ वर आणून लावली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी तोंडात बोट. त्यात जादू काही नव्हती. उलटं चढताना गाडीचं तोंड उताराकडे असतं, म्हणजे सगळं वजन इंजिनकडच्या चाकांवर येतं आणि ओढणारी चाकं तीच. घाटात हे करायचं नाही, हे त्यांनी तीन वेळा बजावलं. ही घरच्या उतरणीची युक्ती.

मग त्यांनी शेडमधून अर्धं पोतं वाळू आणून माझ्या गाडीत ठेवली. मी म्हटलं, कारखान्यातली का? फाउंड्रीत साच्यांसाठी वाळूचे ढीगच्या ढीग असतात ते मी बघितले होते. त्यांनी कपाळाला हात लावला. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट नावाची माती मिसळलेली असते. त्यानेच ती ओली केली की एकमेकांना धरून राहते आणि साच्याचा आकार टिकतो. "ती चाकाखाली टाकलीस तर साबण टाकल्यागत होईल. ही नदीची आहे, धुतलेली, खरबरीत." वाळू चाकाच्या पुढे टाकायची, थोडी थोडी, वीतभर नव्हे तर दोन-तीन हात लांब. नाहीतर तेवढ्यावरून चाक पुढे जाऊन पुन्हा अडकतं. वाळू नसेल तर गोणपाट, गाडीतली पायपुसणी, बारीक खडी, झाडाच्या फांद्या, जे मिळेल ते.

वाळूची ही युक्ती भावोजींची नव्हे, रेल्वेची. आणि त्यासाठी दूर जायला नको, आपल्या कुळे-कॅसलरॉकच्या घाटात जावं. दूधसागर बघायला आपण सगळे गेलेलो असतो, पण मान वर करून धबधबा बघतो, खाली रुळाकडे कोण बघतं? तो लोहमार्ग पोर्तुगीज काळात 1880 च्या दशकात झाला. तिथला चढ 37 ला 1. आपल्या मोटारीच्या हिशेबाने हा चढ काहीच नाही. पण लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ, त्यावर दूधसागरचे तुषार आणि झाडांची पानं. इंजिनाचं चाक तिथे जागेवर फिरू लागतं. त्यासाठी इंजिनात कोरड्या वाळूच्या पेट्याच असतात. चालकाने कळ दाबली की चाकाच्या पुढे नळीतून रुळावर वाळू पडते. मालगाडी चढवताना तर मागूनही इंजिनं लावून ढकलतात. त्यांना बँकर म्हणतात. लोंढ्याहून रेल्वेने येताना मी ती इंजिनं कितीदा पाहिली असतील, पण ती कशासाठी हे विचारावंसं कधी वाटलं नव्हतं.

रस्ते बांधणाऱ्यांनाही हे सगळं ठाऊक असतं. डोंगरातला रस्ता शक्यतो 20 मीटरला 1 मीटरपेक्षा जास्त चढू नये आणि अगदी नाइलाज असला तर 14-15 मीटरला 1 मीटर, अशी मापं आपल्याकडे घातलेली आहेत. नागमोडी वळणावर तर चढ आणखी कमी ठेवायचा असतो. कारण वळणाची आतली कड आखूड. चढायची उंची तीच, अंतर कमी. म्हणून आतल्या कडेने जाणाऱ्याला रस्ता जास्त उभा लागतो. मी नेमका तिथेच दाबला गेलो होतो आणि गटाराचा गाळही नेमका तिथेच साचतो. उजवी बाजू आपली नसते, त्यामुळे बाहेरून वळण घ्यायची हौस कुणी करू नये. पण डाव्या वळणात अगदी गटाराला चिकटून न जाता आपल्याच बाजूच्या मध्यावर राहणं तरी हातात असतं.

त्याआधीच्या लोकांना ही अडचण नव्हती असं नाही, वेगळी होती. कोकण-गोव्यातून मीठ घेऊन लमाणांचे बैल घाटवाटांनी वर जात. बैलाचा खूर दुभंगलेला. तो मातीत रुततो, फाकतो, धरतो. चाक आलं आणि रस्त्याला गुळगुळीत व्हावं लागलं. बैलाच्या पाठीवरच्या ओझ्याला जी उभी वाट चालत होती ती गाडीला चालेना. आंबोलीचा घाट वेंगुर्ला बंदरातून बेळगावकडे बैलगाड्या चढाव्यात म्हणून एकोणिसाव्या शतकात वळणं वळणं घेत काढला, त्याचं कारण हेच. याउलट तिलारीचा घाट. चंदगडकडून दोडामार्गला उतरणारा तो रस्ता इतका उभा आहे की त्यात मोठ्या गाड्या अडकून पडायच्या आणि सगळी वाहतूक खोळंबायची. शेवटी 2024 च्या पावसाळ्यात तिथे अवजड वाहनांना बंदी घालण्याची वेळ आली. भावोजी तिलारीबद्दल एकच वाक्य बोलतात, तो रस्ता उतरायला सुद्धा मन घट्ट लागतं.

चोर्ल्याचं दुखणं निराळं. तिथे रानाची सावली इतकी दाट की काही वळणांवर जून ते ऑक्टोबर डांबर सुकतच नाही. शेवाळ धरतं. बाजूच्या डोंगराची माती वाहून रस्त्यावर येते. आणि सगळ्यात फसवा तो पहिला पाऊस. लोकांना वाटतं, जुलैचा मुसळधार पाऊस वाईट. जुलैमध्ये निदान रस्ता धुतलेला असतो. जूनच्या पहिल्या सरीत मात्र आठ महिन्यांची धूळ, गाड्यांतून ठिबकलेलं तेल आणि टायरची भुकटी पाण्यावर तरंगून वर येते. तेव्हाचा अर्धा तास वाट बघून निघावं. ही माझी भर, भावोजींची नव्हे.

हे सगळं कळूनही मी पुढची दोन वर्षं पावसाळ्यात घाट चढलो नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. मच्छ्याच्या उतरणीवर जमत होतं, घाट डोळ्यांपुढे आला की पोटात गोळा. चवथ झाली की ताईकडे जायची आईची पद्धत होती, ती मी दोनदा टाळली. एकदा रजा नाही म्हटलं, एकदा गाडीचं काम आहे म्हटलं. आई "बरं" म्हणाली. कारणं द्यायचा आम्हा कारकुनांना सराव असतो आणि ती ऐकून घ्यायचा आयांना.

तिसऱ्या वर्षी, 2011 च्या ऑगस्टमध्ये, भावोजींचा हात भट्टीवर भाजला. ताईने फोनवर सांगितलं तेव्हा आई काही बोलली नाही. तिने पिशवी भरली आणि ओसरीवर येऊन बसली. मी तिच्याकडे बघितलं आणि चावी घेतली. डिकी उघडली, त्यातलं सामान काढून पुढच्या सीटच्या पायाशी लावलं. वाळूचं पोतं होतंच. मग आई सवयीने मागचं दार उघडू लागली तेव्हा म्हटलं, पुढे बस.

"कशाला?"

"वजन पुढे पाहिजे."

तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. आयुष्यभर ती मागे बसत आलेली. पुढची सीट पुरुषांची, निदान सुनेची तरी. पण बसली. पदर सावरला, पिशवी मांडीवर घेतली, समोरच्या काचेतून बघायला लागली.

त्या वळणावर पोचलो तेव्हा पाऊस नव्हता, पण रस्ता काळाभोर ओला. खाली अलीकडच्या सरळ पट्ट्यावर मी थांबलो. वरून कुणी येतंय का ते ऐकलं. एक ट्रक आला, जाऊ दिला. मग दुसऱ्या गिअरमध्ये निघालो. वळणाच्या मध्यावर चाकाने एकदा किंचित चिरका आवाज काढला. आईचा हात पिशवीवर घट्ट झालेला मला दिसला. मी पाय वर घेतला. आवाज थांबला. गाडी मंदावली, जरा रेंगाळली, आणि वर आली.

तीन-चार वळणं कुणी बोललं नाही.

ती मारुती मी पुढे विकली. 2014 मध्ये कंपनीने ती बनवणंही बंद केलं. आता आहे त्या गाडीत एक यंत्रणा आहे, चाक सुटायला लागलं की ती आपण होऊन इंजिनाचा जोर कमी करते आणि सुटलेल्या चाकाला ब्रेक लावते. काचेपुढे एक पिवळा दिवा लुकलुकतो. तो लुकलुकला की मला तो भिजलेला पोरगा आठवतो. त्याचं नावही मी विचारलं नाही. चढावर ब्रेकवरचा पाय काढला तरी ही गाडी दोनेक सेकंद धरून ठेवते, मागे जात नाही. भावोजींना दाखवलं तर म्हणाले, चांगलं आहे की, खरं टायर बघत जा. आता ते कामातून निवृत्त झालेत. घरासमोरच्या उतरणीवर सिमेंट आलं, त्यात त्यांनी मुद्दाम आडव्या रेघा ओढून घेतल्यात, चाकाला धरायला.

ज्याच्या बारशाला आम्ही पोचलो नाही तो भाचा आता सोळा वर्षांचा आहे आणि गाडी शिकवा म्हणून मागे लागलाय. अठरा पूर्ण होऊ देत म्हणतो.

आई ऐंशीला टेकली. अजून वर्षातून एकदा मच्छ्याला जाते आणि अजून केरी सोडली की गप्प होते. पण आता ती पुढेच बसते, दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. गेल्या वर्षी माझी बायको पुढचं दार उघडत होती, तर आईने तिला काठीनेच मागे बसायची खूण केली. घाट संपून रस्ता सपाट झाला, कणकुंबीची घरं दिसू लागली, तेव्हा तिने तोंड उघडलं. मागे वळून सुनेला म्हणाली, "पळयलें मगे? म्हजें वजन पडलें म्हणून चडली गाडी."